ताट पडतं ती कॅसेट

आमच्या चळवळीतल्या गटाची जॅझवरची पुस्तिका ज्यांनी ज्यांनी घेतली, त्या सगळ्यांची मी माफी मागते. ती मागायला मला कर्नाटकातल्या खजुरीपर्यंत का जावं लागलं, ते पुढं आहे.

पुस्तिका माझी. चोवीस पानं, दोन पिना, लाल कव्हर. मी तोपर्यंत मोर्चाची पत्रकं लिहायची. तोच हात इथं चालवला. जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी घडवलेलं संगीत. त्यांच्या आजापणजांना साखळदंडात जहाजावर चढवून नेलं होतं. असं संगीत आपल्या पोरांनी ऐकलं पाहिजे, मूठभर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ते का अडकावं, असा माझा सवाल होता. सवाल आजही बरोबर आहे. चूक पुढच्या पानांवर होती. तिथं मी बारा अल्बमांची यादी दिली, एक ते बारा नंबर घालून. परदेशी मासिकांतल्या समीक्षकांनी ज्यांना सगळ्यात जास्त तारे दिले ते वर. नवशिक्यानं एक नंबरपासून सुरुवात करावी असं ठणकावून सांगितलं. आणि शेवटी लिहिलं, 'हे ऐकून ज्याच्या अंगावर काटा येत नाही, त्यानं आपले कान तपासून घ्यावेत.'

बारापैकी मी स्वतः तीन ऐकले होते.

डिसेंबरात एक आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर गोल, शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं. 'मी सुवर्णा, खजुरीच्या अंगणवाडीत शिकवते. माझा भाऊ रेवण मुंबईला हॉटेलात कामाला आहे. त्याने दिवाळीला गावच्या माणसाजवळ टेपरेकॉर्डर, खोकाभर कॅसेटी आणि तुमचे पुस्तक पाठवले. आमचे अप्पा रोज नंबरवारीने ऐकतात. एक नंबरची त्यांनी चार दिवस ऐकली. काही कळाले नाही. मग गुलबर्ग्याला जाऊन कान तपासून आले. डॉक्टर म्हणाला कान चांगले आहेत. अप्पा विचारतात, आता काय तपासावे? वेळ अमावास्येला रेवण येणार आहे. त्याच्या आधी कळवा.'

मी ते पत्र गटाच्या खोलीत मोठ्यानं वाचायला घेतलं आणि 'आता काय तपासावे'पाशी थांबले. पोरं हसली. मला हसू आलं नाही. उत्तर पत्रानं देता आलं असतं, पण काय लिहिणार? मी पिशवी भरली.

आळंद, गुरुवारी दुपारी

सोलापूरहून अक्कलकोटमार्गे आळंदला उतरले तेव्हा बाजार तुरीनं भरला होता. दुकानांच्या पाट्या कानडी, भाव चाललेला मराठीत, शिव्या दखनी उर्दूत. मी नाशिककडची, आमच्याकडं माणूस एका भाषेत भांडण सुरू करतो आणि त्याच भाषेत संपवतो. इथं एक आडत्या हमालाला कानडीत झापत होता, मधेच माझ्याकडं वळून म्हणाला, "बाई, पोत्याच्या मागं व्हा, अंगावर पडंल," आणि परत कानडीत शिरला.

खजुरीची जीप भरेपर्यंत एका म्हातारीकडून उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेतल्या. हिरव्यागार, मिठाच्या पाण्यातल्या, अजून वाफ निघणाऱ्या. मी सोलून दाणे खायला लागले तर म्हातारी म्हणाली, "तसं न्हाई गं माय. शेंग दातात धर अन् वड." धरली, ओढली. सगळे दाणे एका दमात तोंडात. तुरीचं वरण मी जन्मभर खात आले आहे, पण तूर पहिल्यांदा त्या दुपारी खाल्ली.

जीपमध्ये मी मागच्या फळीवर होते, मांडीवर कुणाची तरी कडब्याची पेंढी.

खजुरी, तीच संध्याकाळ

सुवर्णा वेशीवर उभी होती. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, उंच, खांद्यावरून पदर घट्ट ओढलेला. "तुमी लेखिका?" तिनं विचारलं, आणि माझ्याकडं वरून खाली बघून, "मला वाटलं म्हाताऱ्या असताल."

"तुम्ही कशाला आलात इतक्या लांब? मी विचारत आले असते."

"आमच्यात पाव्हण्याला वेशीतून आणत्यात अन् वेशीपातूर सोडत्यात. न्हाई सोडलं तर पाव्हणा परत येत न्हाई म्हणत्यात."

वाटेत तिनं मला खरी गोष्ट सांगितली, जी पत्रात नव्हती.

हे धनगरांचं घर. अप्पांचं नाव माळाप्पा. त्यांच्याकडं तीनशे मेंढरं होती. उन्हाळ्यात ते कळप घेऊन अफजलपूरकडं भीमेच्या काठाला उतरायचे. सहा वर्षांपूर्वी तिथं रेवणच्या राखणीत मेंढरं एका बागायतदाराच्या उसात शिरली. मालकानं चार माणसं जमवली. अप्पांनी पोराला सगळ्यांसमोर सांगितलं, माफी माग. रेवण म्हणाला, बांध उघडा ठेवला त्यानं, माफी मी का मागू? अप्पांनी त्याच्या तोंडात मारली. रेवण काठी तिथंच टाकून सोलापूरच्या एसटीत बसला आणि तिथून मुंबईला गेला. राखायला कुणी उरलं नाही म्हणून पुढच्या वर्षी कळप विकला. आता दोन एकर तूर आणि दुसऱ्याच्या रानात मजुरी.

"तीन वर्सामागं आला होता," सुवर्णा म्हणाली. "तीन दिवस होता. अप्पा बोलले, कधी आलास. मग बोलले, कधी जायलास. संपलं. जाताना मला मनला, अक्का, हितं माझं कुणासंग बोलणंच होत न्हाई, कशाला येऊ? ह्या टायमाला त्यानंच कॅसेटी पाठवल्यात. चिठ्ठीत लिवलंय, अप्पाला ऐकव, म्हंजी आमाला बोलायला कायतरी होईल." ती चालता चालता थांबली. "शनवारी यायलाय. ह्याबी खेपेला तसंच झालं तर परत यायचा न्हाई तो. मला म्हाईत हाय."

म्हणजे एका बापाला मुलाशी बोलायला विषय हवा होता, आणि मी त्याला कान तपासायला पाठवलं होतं.

अप्पा ओट्यावर बसले होते. पांढरा पटका, दाढीचे पांढरे खुंट, हात मात्र तरण्या माणसाचे. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "डॉक्टर हाव व्हय तुमी गाण्याचं?"

"नाही अप्पा. मी फक्त पुस्तक लिहिलं."

"हां. डॉक्टर मनला कान बेस हायत. मग खोट डोस्क्यात आसंल."

"खोट पुस्तकात आहे," मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. छापलेल्या गोष्टीत खोट असते यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी सगळं आयुष्य छापलेल्या गोष्टींची खोट काढण्यात घालवायचं ठरवलेली बाई, आणि माझ्याच छापलेल्या गोष्टीपुढं मला कुणी विचारेना.

शुक्रवार

सकाळी ज्वारीची भाकरी, पुंडीची भाजी आणि शेंगांची चटणी. पुंडी म्हणजे अंबाडी. आमच्याकडं ती नाइलाजाची भाजी, इथं पाहुण्याला वाढतात, आणि लसणाच्या फोडणीनं ती त्या मानाला पोचते. खाऊन झाल्यावर अप्पांनी खोकं पुढं ठेवलं.

त्यातल्या प्रत्येक कॅसेटवर गेरूचं लाल बोट उमटलेलं होतं. लोकर कातरून झालेल्या मेंढराला जशी खूण करतात, तशी ऐकून झालेल्या कॅसेटला अप्पा करत. नंबर सुवर्णा वाचून सांगायची, पण स्वतःला वाचता येत नसल्यामुळं त्यांना हा एकच मार्ग होता. एकाच कॅसेटवर मात्र इतकी बोटं होती की मूळचं प्लास्टिक दिसत नव्हतं. तिच्यावर नाव, नंबर काहीच नाही. मी ती बाजूला ठेवली. यादीत नव्हती ना.

मग मी शिकवायला बसले. गुलामगिरी सांगितली, जहाजं सांगितली, कापसाची शेतं सांगितली. अप्पा गुडघे जवळ घेऊन ऐकत होते. मधेच म्हणाले, "मंजी आख्खी गावं बांधून न्हेली?"

"हो."

"मग त्यांच्या जनावरांचं काय झालं?"

मी इतकी पुस्तकं वाचली, हा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. मी म्हणाले, माहीत नाही. त्यांनी मान हलवली, आणि माझ्यावर पहिल्यांदा त्यांचा जरा विश्वास बसला असं वाटलं.

वीज गेली होती. टेप सेलवर लावला. चार नंबरची कॅसेट. संथ, जड, जमिनीतून वर येणारा सूर. मी मासिकात वाचलेलं सगळं ओतलं: बघा अप्पा, हा वाजवणारा घाई करत नाही, एकेका सुरात शंभर वर्षांचं दुःख भरलं आहे, म्हणून याला पाचपैकी पाच तारे. माझ्या अंगावर खरंच काटा आला होता, शपथेवर सांगते. तेवढ्यात सुवर्णा दुकानातून नवे सेल घेऊन आली. "जुने उतरलेत वो कवाच," म्हणत तिनं ते बदलले आणि बटण दाबलं. तेच गाणं टणाटण उड्या मारत निघालं. लग्नाच्या वरातीत वाजवावं असं.

सुवर्णानं तोंडाला पदर लावला. अप्पांनी शांतपणे विचारलं, "आता किती तारे?"

मी पुस्तिका मिटून पिशवीत घातली. त्या दिवसापुरतं माझं शिकवणं संपलं.

संध्याकाळी अप्पा मला माळावर घेऊन गेले. त्यांच्या चुलतभावाकडं अजून सव्वाशे मेंढरं आहेत. दिवसभर कोकरं जाळीच्या कुंपणात असतात आणि आया चरायला. दिवस कलला की आया परततात. मग जो गलका होतो तो ऐकल्याशिवाय कळायचा नाही. प्रत्येक कोकरू ओरडतं, प्रत्येक मेंढी ओरडते, सगळी एकाच वेळी. मला तो एकच मोठा आवाज वाटला. अप्पा कुंपणाकडं पाठ करून तंबाखू मळत होते. म्हणाले, "ती काळ्या कानाची बघ. तिचं पिल्लू आजून घावलं न्हाई तिला." मी वळून बघितलं. काळ्या कानाची एक मेंढी इकडून तिकडं धावत होती. "आता घावलं," अप्पा म्हणाले. पाठ तशीच. मी बघितलं, कोकरू तिच्या पोटाखाली शिरत होतं.

"तुम्हाला कसं कळतं?"

"समद्यांचं ऐकाय गेलं की कुणाचंच ऐकू येत न्हाई. एक धरायचं. बाकीची आपली चालत्यात आजूबाजूला, चालू द्यायची." मग जरा लाजून, "त्या सात नंबरात मी तसंच केलं. त्यात एक जाड तारांचं हाय बघा, मागनं चालतंय, ढुम ढुम. फुडची तुतारीवाली उधळत्यात. त्ये उधळत न्हाई. राखण्या हाय त्यो. त्याच्या मागनं गेलो तर गाणं सापडलं."

माझ्या चोवीस पानांत 'कुठून सुरुवात करावी' याचं उत्तर नव्हतं. ते इथं माळावर, तंबाखू मळता मळता मिळालं. मी भारावून काहीतरी बोलणार होते, पण आधी विचारलं, "मग ती खूप बोटं उमटलेली कॅसेट? तिच्यात कोणाला धरलंत?"

अप्पांनी तंबाखू ओठाखाली ठेवली. हात झटकले.

"घरी चल. ऐकवतो."

घरी सुवर्णा भाकरी थापत होती. अप्पांनी टेप ओट्यावर आणला, आवाज बारीक ठेवला. कॅसेट कुणीतरी हॉटेलातच भरलेली होती. माणसांची बडबड, चमचे, खुर्च्या सरकल्याचे आवाज, आणि त्या सगळ्यामागं वाद्यं. कुठलाही समीक्षक अर्ध्या मिनिटात बंद करेल असं रेकॉर्डिंग. मी तेच म्हणणार होते. अप्पांनी हात वर केला. "थांब. आता ऐक."

ताट पडलं. धातूचं, मोठं, फरशीवर. खणखणत गोल फिरत राहिलं. क्षणभर माणसं गप्प झाली. आणि मग ड्रमवाल्यानं आपल्या झांजेवर हुबेहूब तसाच खणखणाट केला. तसाच गोल फिरत जाणारा, तसाच मंदावणारा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर त्यातूनच पुढची लय उचलली आणि बाकीची वाद्यं हसत असल्यासारखी आत शिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या तोंडातून "वा!" निघून गेलं. हे मासिकातलं नव्हतं.

"व्हय, बेस हाय त्यो. ताटाला उत्तर दिलं त्यानं," अप्पा म्हणाले. "पण मी त्याला धरलो न्हाई." त्यांनी पुन्हा मागं घेतलं. "टाळ्या सुरू व्हायच्या आधी. ऐक."

मला काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या वेळी, बडबडीच्या तळाशी, कसाबसा एक आवाज सापडला. तरण्या पोराचा, घाबरलेला. 'सॉरी साब.'

"त्यो रेवण हाय," अप्पा म्हणाले. "ताट त्याच्या हातनं पडलंय."

चुलीपुढं सुवर्णाचा हात भाकरीवर थांबला. तिला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं अप्पांना चाल आवडली.

"मग हेच विचारा ना त्याला!" मी म्हणाले. "हाच तर विषय आहे बोलायचा!"

"काय इचारू?" अप्पांचा आवाज चढला नाही. "उसाच्या बांधावर त्याला माफी माग मनलो. मागला न्हाई. त्या मालकाफुडं मान खाली घातली न्हाई माझ्या लेकरानं. मी मारलो त्याला. अन् तिथं जाऊन कुण्या सायबाला सॉरी सॉरी करायलाय. त्ये मी ऐकलो मनून सांगू व्हय त्याला? लाज वाटंल त्याला. मलाबी."

ते उठून गोठ्याकडं गेले. मी पत्रकवाली, अन्याय दिसला की मला तोंड उघडावंसं वाटतं. पण त्या हॉटेलवाल्याविरुद्ध मी कितीही कडक पत्रक लिहिलं असतं, तरी ओट्यावरून उठून गेलेल्या या माणसाला ते उपयोगाचं नव्हतं.

शनिवार

रेवण दुपारच्या जीपनं आला. इस्त्रीचा शर्ट, बारीक मिशी, बहिणीसाठी साडी. सुवर्णा वेशीवर गेली होती. ओट्याशी आल्यावर तो बापाच्या पाया पडला.

"कधी आलास?" अप्पांनी विचारलं.

"आत्ताच."

"कधी जायलास?"

"सोमवारी."

सुवर्णानं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. त्या दिवशी अजून काही झालं असतं तर लिहिलं असतं.

येळवस

वेळ अमावास्येला इथं येळवस म्हणतात, आणि गावात त्या दिवशी कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे रानात. आमच्याकडं अमावास्या म्हणजे कामं पुढं ढकलायचा दिवस. इथं ती रानातली दिवाळी. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत बाजरीचे वाफवलेले उंडे, मडक्यात ताकातली ज्वारीची आंबील, आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे आणि हरभऱ्याचे हिरवे दाणे, रानातला मिळेल तो पाला, चिंच आणि बेसन घालून शिजवलेला दाट हिरवा गरगट. तुरीत कडब्याची कोप उभी केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. पूजा झाली की वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून जेवायला बसवतात. मला तिघांनी तीन रानांतून बोलावलं. "आमची आंबील न पिता कसं जाताव!"

कोपीच्या सावलीत आम्ही चौघं बसलो. अप्पा आणि रेवण समोरासमोर, मधे भज्जीचं पातेलं.  आंबिलीचा घोट गिळल्याचा तेवढा आवाज येत होता. सुवर्णा वाढत होती, दोघांना गरजेपेक्षा जास्त. सोमवार उद्यावर आला होता.

मला शांतता सोसत नाही. हा माझा दोष आहे. मी म्हणाले, "रेवण, माझ्या यादीतला एक नंबर तुम्हाला कसा वाटला?"

रेवण माझ्याकडं बघून ओशाळला. "खरं सांगू ताई? तुमचं पुस्तक चांगलंय. पर एक नंबर मला आजून कळला न्हाई. दोनदा लावलो, दोनदा झोपलो."

अप्पांनी मान वर केली. "तुलाबी न्हाई कळला?"

"न्हाई अप्पा."

"मी गुलबर्ग्याला जाऊन कान दावून आलो की रं!"

रेवणला आधी समजेना. सुवर्णानं सांगितलं. तो इतका हसला की आंबील सांडली. अप्पा हसले नाहीत, पण पटका मागं सरकवला. मग, उंडा मोडता मोडता, कुणाकडंच न बघता म्हणाले, "ती बिननावाची कॅसेट. ताट पडतं ती."

रेवणचं हसू थांबलं. "ती आली व्हय खोक्यात? ती माझ्यापाशी ठेवायची होती."

"तू पाडलास न्हवं?"

"...व्हय."

 अप्पा म्हणाले, "सॉरी मनलास."

"तुमाला ऐकू आलं ते?" रेवण म्हणाला. "त्या बँडवाल्यांनाबी आलं न्हवतं."

"कुणाला मनलास? मालकाला?"

"मालक कुठला! मालकाला कामून म्हणू? फरशी वली ठेवली त्यांनीच." त्यानं हातातला घास खाली ठेवला. "त्या ड्रमवाल्याला मनलो अप्पा. म्हातारा हाय, गोव्याकडचा. इतकं बेस वाजवायला होता, अन् मी मधीच ताट पाडलो. त्याचं काम नासलं मनून लई वाईट वाटलं. मनून मनलो. कुणी माग मनलं न्हवतं. अन् त्यानं काय केलं म्हाईतय? माझं ताट गाण्यात घेतलं. लोकांला वाटलं ते गाण्यातलंच हाय. मॅनेजर आला होता वरडायला, टाळ्या ऐकून माघारी फिरला. नंतर म्हातारा मला मनतो, उद्याबी याच टायमाला पाड. तवापासनं त्याच्यापाशी बसायलो. पुस्तकातल्या ह्या कॅसेटी त्यानंच भरून दिल्यात. मला तरी काय कळत होतं? मी त्या ताटापसनंच सुरू झालो."

अप्पांनी तुरीकडं बघितलं. वाऱ्यानं वाळत आलेल्या शेंगा खुळखुळत होत्या.

"उसाचा मालक," ते म्हणाले. "बांध त्यानंच उघडा ठेवला होता."

"व्हय अप्पा."

"मला तवाच दिसलं होतं."

 रेवणनं पातेल्यातली भज्जी घेऊन बापाच्या ताटात वाढली. अप्पांनी ताटाच्या काठावर नख मारलं. एकदा, दोनदा. "असं न्हाई," ते म्हणाले, "त्याचं शेवटाला हळू हळू व्हत जातं. ते कसं करतो त्यो झांजेवर?"

"काडीनं करत्यात. दाखवतो घरी चला."

सुवर्णा पाण्याची घागर घेऊन उगाच विहिरीकडं निघाली. घागर भरलेलीच होती.

चार वाजता माझी जीप होती. मी पिशवी आवरून ओट्यावर आले तेव्हा बाप-लेक टेपला दोन्ही बाजूंनी कान लावून बसले होते. रेवण खोक्यात शोधत होता. "ही ऐका अप्पा. हितं त्यो म्हातारा न्हाई, पर मागनं चालणारा बघा कसला हाय." अप्पांनी गेरूची वाटी जवळ ओढून घेतली होती, बोट आधीच भिजवलेलं.

"येते अप्पा," मी म्हणाले.

त्यांनी हात वर केला. निरोपाचा नव्हे, गप्प राहा असा. "थांब. आता ऐक," ते रेवणला सांगत होते. ते ताट ज्यानं पाडलं त्यालाच; टेपात अजून तीच कॅसेट होती.

सुवर्णा दारात उभी होती. ती माझ्याबरोबर निघणार होती, पायात चप्पल घातलेली होती. आतून अप्पांचा आवाज आला, "सुवर्णा, तूबी ये गं, हे बघ," आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

"जा," मी म्हणाले. ती चप्पल काढून आत गेली.

पुस्तिका आता तशी मिळणार नाही. राहिलेल्या प्रतींतलं यादीचं पान मी फाडलं आहे. खजुरीत मला वेशीपर्यंत सोडायला कुणी आलं नाही. वेशीपर्यंत मी एकटीच चालले, आणि पार शेवटच्या घरापर्यंत मागून ताट पडल्याचा आवाज येत होता. मग तो मागं घेतल्याचा. मग पुन्हा.